वन्सं नसलेल्या वर्षाचा हसरा वृत्तांत कसा लिहावा?

कृष्णाकाठची बाई (मिरज)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आमचे हे रेल्वेत गार्ड होते, 2010 साली निवृत्त झाले. 2022 पासून रेल्वे गार्डांना ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणते, पण आमच्या गल्लीत त्यांना अजून सगळे गार्डसाहेबच म्हणतात आणि त्यांनाही तेच आवडतं.

दर दिवाळीला आम्ही दोघं मिळून घरचा वर्षाचा वृत्तांत लिहितो. हे वर्षभर वही ठेवतात. नोकरीत रफ जर्नल, म्हणजे गाडीच्या वेळांची नोंदवही, लिहायची सवय होती, ती काही सुटली नाही. वहीत रकाने आखलेले असतात: तारीख, वेळ, उशीर, कारण. ‘थोरला व सूनबाई आगमन 6.40. उशीर 2 तास 10 मि. कारण: कात्रजला ट्राफिक, नंतर नातीला कणीस.’ त्या वहीतून मी मजकूर तयार करते. भाऊबीजेला जेवणं झाली की सतरंजीवर सगळे आडवे होतात आणि मी मोठ्याने वाचते. अट एकच, ऐकताना हसू आलं पाहिजे. नंतर झेरॉक्स काढून नातेवाइकांना देतो, आणि हल्ली पीडीएफ फोनवरही जाते.

यंदा, म्हणजे 2025 मध्ये, हसण्यासारखं पुष्कळ आहे, त्यातलं थोडं सांगते.

मागच्या नोव्हेंबरात यांच्या हयातीच्या दाखल्याची वेळ आली. बँकेत अंगठा काही केल्या जुळेना. इतकी वर्षं लाल-हिरवा झेंडा आणि कंदील धरलेला हात, रेषा कुठून राहणार! शेवटी नातीने फोनवर चेहऱ्याचा दाखला काढायचा ठरवला. त्यात डोळे मिचकावायला लागतात. यांना आयुष्यात कुणाला डोळा मारायची सवय नाही, त्यामुळे हे डोळे गच्च मिटून बसायचे आणि नात ओरडायची, ‘आजोबा, झोपू नका, मिचकवा!’ अखेर जमलं. तिने सोसायटीच्या जिन्यात जाऊन जाहीर केलं, ‘आमचे आजोबा हयात आहेत!’ खालच्या मजल्यावरच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या वर आल्या.

फेब्रुवारीत हे 75 पूर्ण झाले आणि एसटीत फुकट जायला लागले. मला बाई म्हणून अर्धं तिकीट. म्हणजे नवराबायको मिळून आम्ही अर्ध्या तिकिटात जातो. रेल्वेचा पास घरात असताना हा माणूस एसटीने नरसोबाच्या वाडीला जातो आणि शून्य रुपयांचं तिकीट वहीत चिकटवून ठेवतो. सप्टेंबरात तर कमालच झाली. जुलैत आपले किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले ना, महाराष्ट्रातले 11 आणि तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून नातीने ठरवलंय की 12 ही किल्ले दिवाळीत एकेक करून करायचे, यंदा खांदेरी. समुद्रातला किल्ला म्हणून बाल्कनीत टब आणलाय. नातीच्या पुण्यातली माती ढिसूळ, म्हणून यांनी मिरजेची काळी चिकट माती पोत्यात भरली आणि एसटीने निघाले. वाहकाने यांना शून्याचं तिकीट दिलं आणि पोत्याचं लगेज लावलं. माणूस फुकट आणि मातीला भाडं! हे अख्ख्या प्रवासात प्रत्येकाला ती दोन तिकिटं शेजारी-शेजारी धरून दाखवत होते.

मे महिन्याचं मात्र तपशिलात सांगायलाच हवं. धाकटी म्युनिकला असते, तिला कुरडया पाठवायच्या म्हणून गहू भिजत घातला. तीन दिवस रोज पाणी बदललं, वाटून चोथा काढला, रात्रभर चीक बसवला. पहाटे वरचं पाणी ओतून दिलं आणि चीक शिजवायला घेतला. चीक शिजताना पातेल्याजवळून हलता येत नाही, गाठी होतात. सूनबाई खास बँकेतून रजा काढून आल्या होत्या, त्या सोऱ्या धरून गच्चीवर बसलेल्या. पहिलं प्लास्टिक भरलं आणि आभाळ आलं. यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळला आणि 26 मेला तर मान्सून मुंबईतही पोचला, आठवत असेल. उचला-उचला म्हणेपर्यंत सरी आल्या. मग सगळं वाळवण हॉलमध्ये. पंखे पाचवर. आणि कुरडया सुकेपर्यंत घरातली माणसं भिंतीला चिकटून चालत होती. थोरला रात्री पाणी प्यायला उठला तो अंधारात कुरडयांच्या मधोमध उभा, पुढे जाता येईना, मागे येता येईना. यांनी अंथरुणातूनच बॅटरीचा हिरवा उजेड दाखवून त्याला मार्ग दिला. वहीत नोंद आहे: ‘रात्री 2.15. होम सिग्नलला थांबा. कारण: कुरडया.’

ऑगस्टात पाणी आलं. सांगली-मिरजेच्या माणसाला पावसाळ्यात नमस्कारच मुळी ‘किती फूट?’ असा करतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 ला 57 च्या वर गेलं होतं, ते आम्ही जन्मात विसरणार नाही. यंदा इशाऱ्याच्या पुढे गेलं आणि धोक्याच्या आत राहिलं. पण धाकटीच्या नवऱ्याने म्युनिकमध्ये बसून दर तासाला आकडा काढला आणि मला फोन करून सांगितला. मी कृष्णा घाटापासून चालत अंतरावर राहते आणि नदीची बातमी मला जर्मनीहून कळते!

आता मूळ प्रश्न.

जूनमध्ये आमच्या वन्सं गेल्या. यांची थोरली बहीण, कुरुंदवाडला दिलेली. वय 81. दर भाऊबीजेला त्या यायच्या, यांना ओवाळायच्या आणि मग वृत्तांताला पहिल्या रांगेत बसायच्या. मी वाचायला लागले की त्या बोटांवर मोजायच्या, आपलं नाव किती वेळा आलं. कमी भरलं तर तिथल्या तिथे, ‘हे कसलं गं वर्ष? मी काय झोपले होते का?’ त्यांचं हसू आधी फुटायचं, मग बाकीच्यांचं. 2019 च्या पुरात होडी दाराशी आली तेव्हा त्या लोणच्याच्या बरण्या घेतल्याशिवाय चढेनात. जवान म्हणाला, ‘माँजी, पहले आप.’ त्या म्हणाल्या, ‘पहले आंबा, बाद में लिंबू, फिर मैं.’ आणि त्याच क्रमाने आल्या.

सुतक त्यांच्या सासरचं. आमच्याकडे दिवाळीला अटकाव नाही, असं सगळे म्हणतात. पण यांना ओवाळायला आता कोणी नाही, आणि मला वृत्तांत लिहायला घेतला की पेन जूनपाशी थांबतं. यांच्या वहीत त्या दिवशी फक्त ‘ताई. पहाटे 4.20’ एवढंच आहे. कारणाचा रकाना मोकळा ठेवलाय.

थोरला म्हणतो, यंदा वाचन नको. धाकटी म्हणते, वाचायचंच, पण आत्याचा विषय नको, सगळे रडतील. मला दोन्ही पटत नाही. वर्षाचं सांगायचं आणि वन्संना वगळायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. पण हसऱ्या मजकुरात ते बसवायचं कसं? कुणी असं लिहिलं असेल तर कृपा करून सांगा.

दुसरं, सूनबाईंच्या कामाच्या ठिकाणची एक गंमत आहे. सगळ्यांना आवडेल अशी आहे, पण पीडीएफ व्याह्यांकडेही जाते. लिहावी का?

ठाण्याची सून

काकू, कुरडयांचा किस्सा मी आईंना वाचून दाखवला, त्या अजून हसताहेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मनापासून सांगते, कारण मी त्या बाजूची आहे. माझे सासरे निवृत्तीनंतर दर वर्षी असंच लिहितात आणि आम्ही सगळे वाट बघतो. त्यांचा नियम फार चांगला आहे. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी एकट्याला वाचून दाखवायचं. तो हसला तर ठेवायचं. नुसता ‘ठीक आहे’ म्हणाला तर काढायचं, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना कुणी तोंडावर ‘नको’ म्हणत नाही. मार्क, वजन, पगार, नोकरी गेली-लागली, आणि नव्या जोडप्याकडून ‘गोड बातमी’ कधी, या गोष्टी ते कितीही विनोदी सुचल्या तरी घेत नाहीत. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी माझ्याबद्दल एकच ओळ लिहिली होती, की नव्या सूनबाईंनी घरातला सगळ्यात जुना मिक्सर दुरुस्त केला. त्या एका ओळीने मला त्या घरात जागा मिळाली.

कामाच्या ठिकाणची गंमत त्यांना विचारूनच लिहा. घरात वाचायची प्रत वेगळी आणि पीडीएफ वेगळी, असंही करता येतं.

ग्रंथपाल सातारकर

ताई, तुम्ही जे करता तो घरचा दिवाळी अंकच म्हणायचा. का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायला काहीतरी लागतंच. नोकरीत असताना दिवाळी अंकांची योजना मी चालवायचो. अंक परत येताना कुठल्या पानावर तेलाचा डाग आहे ते बघायचो. विनोदी कथेच्या पानावर चकलीचा डाग हमखास!

अंकात कुणाचं स्मरण असेल तर संपादक ते वेगळ्या पानावर घेतात, चौकटीत, सुरुवातीला. मला वाटतं तुम्हीही तसंच करावं. पहिल्या पानावर वन्संबद्दल चार गंभीर ओळी, सगळ्यांनी दोन मिनिटं शांत राहायचं, मग पुढचा मजकूर. दुःख आणि हसू एका ओळीत आले की वाचणाऱ्याची तारांबळ होते, आणि ऐकणाऱ्यांत भाऊच बसलेला आहे.

निवृत्त वाहक, अकोला

गार्डसाहेबांना आमचा राम राम. पोत्याचं लगेज बरोबरच लावलं त्या पोराने. सवलत माणसाला आहे, ठरलेल्या वजनाच्या वर सामान गेलं की भाडं पडतंच. मी नोकरीच्या शेवटच्या काळात 75 वर्षांवरच्यांना ती शून्याची तिकिटं भरपूर फाडली. 26 ऑगस्ट 2022 ला ते सुरू झालं. कितीतरी म्हातारी माणसं तिकीट हातात घेऊन विचारायची, ‘बाप्पा, हे खरं हाय ना? पुढच्या स्टॉपवर उतरवशीन त नाही?’ तेव्हा खिशात आधार कार्ड असलं की व्हायचं.

आता तुमच्या प्रश्नाचं. ग्रंथपाल साहेबांचा मान ठेवून सांगतो, मला चौकट पटत नाही. बाई जन्मभर मधोमध बसली, तिला आता सुरुवातीलाच एकटीला बसवायचं का? माझ्या थोरल्या भावाच्या वर्षी आम्ही घरी असंच लिहिलं होतं. आमच्या घरचीने एकच अट घातली, ‘त्याईले चांगलं होतं म्हणू नका, ते काय बोलत होते ते लिवा.’ मग मी ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’ असं काही लिहिलंच नाही. पऱ्हाटी (कपाशी) वेचताना तो बायांना काय म्हणायचा, बैलाला काय म्हणायचा, मला फोनवर काय म्हणायचा, तेवढंच लिहिलं. पोरं हसली. माझी वहिनी हसली आणि मग रडली आणि मग म्हणाली पुन्हा वाचा.

आणखी एक. तुमच्या वन्संच्या घरी यंदा दिवाळी नाही, म्हणजे तळण नाही, आकाशकंदील नाही. अशा घरी आपण फराळाचं नेतो की नाही? तुम्ही तर नेणारच असाल. मग डब्याबरोबर वृत्तांतही न्या. त्यांच्या अंगणात बसून वाचा. त्यांची लेक असेल तर गार्डसाहेबांना ती ओवाळेल की नाही ते त्या घरच्यांच्या रीतीवर सोडा, पण मामा त्या दिवशी त्या घरात असला पाहिजे.

कृष्णाकाठची बाई (मिरज)

अकोल्याचे दादा, हे मी यांना वाचून दाखवलं. हे उठून गॅलरीत गेले आणि परत आल्यावर वन्संच्या लेकीला फोन लावला. ती म्हणाली, ‘मामा, भाऊबीजेला घरी पाहुणे असणार, रविवारी या, 26 ला. आणि मामीला सांगा, आईबद्दलचं कमी लिहू नका, ती मोजेल.’

ग्रंथपाल साहेब, तुमचं म्हणणं कळतं. पण वन्संना दोन मिनिटं शांतता कधी सोसलीच नाही. आरती संपून प्रसाद येईपर्यंतसुद्धा त्या बोलायच्या.

एक विचारायचंय. धाकटीला फोनवर ऐकवायचं तर कुरुंदवाडहून किती वाजता लावू? तिच्याकडे साडेअकरा असावेत असं तिचं म्हणणं, मुलगा तेव्हा खेळून येतो.

नेकारकाठचा (श्टुटगार्ट)

काकू, त्या रविवारी, 26 ऑक्टोबरला, पहाटे इथली घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारपर्यंत आपल्यात साडेतीन तासांचा फरक, रविवारपासून साडेचार. म्हणजे तिच्याकडे साडेअकरा हवेत तर तुमच्याकडे चार वाजता लावा. तीनला लावलात तर नातू मैदानात असेल.

आणखी एक सांगतो, तुमच्या धाकटीच्या वतीने म्हणा हवं तर. माझे आईबाबा चिपळूणहून असंच लिहून पाठवतात. लांब राहणाऱ्याला मोठ्या बातम्या फोनवर कळलेल्याच असतात. आत्या गेली हे तिला त्याच दिवशी कळलं असणार, आणि ती येऊ शकली नसणार. तिला हवं आहे ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं बारीकसारीक. आत्याने शेवटचं लोणचं कुठल्या बरणीत घातलं, ती बरणी आता कुणाकडे आहे. ‘सगळे रडतील’ असं ती म्हणते, कारण तिला तिथे एकटीने रडावं लागतं. सगळ्यांबरोबर ऐकू दे तिला. आणि फोन वाचणाऱ्याच्या समोर न ठेवता ऐकणाऱ्यांच्या मधे ठेवा, म्हणजे तिला तुमच्या आवाजाबरोबर सगळ्यांचं हसूही ऐकू येईल.

कृष्णाकाठची बाई (मिरज)

तुमचे सगळ्यांचे उपकार. घड्याळाचं यांना सांगितलं तर हे एकदम खूश. वहीत आत्ताच लिहून ठेवलंय, ‘26/10. जर्मनी वेळापत्रक बदल. सायं. 4.00 सुटणार.’

ठाण्याच्या सूनबाई, मी आमच्या सूनबाईंना तो परिच्छेद वाचून दाखवला. हसल्या, आणि म्हणाल्या घरात वाचा, पीडीएफमध्ये नको. तसंच करते. थोरला अजून थोडा नाराज आहे, पण लगेज पुन्हा पडू नये म्हणून फराळाचे डबे तो गाडीतून कुरुंदवाडला आणतो म्हणाला. नातीला विचारलं तर ती म्हणते, टबातली खांदेरी पण आणायची. ते बघू.

वन्संचा मजकूर आज दुपारी लिहिला. अकोल्याच्या वहिनींनी सांगितल्याप्रमाणे एकही विशेषण नाही. थोडा इथे देते, तुमच्यामुळे लिहून झाला म्हणून.

‘मार्चमध्ये वन्सं डोळ्याच्या ऑपरेशनला मिरजेत आल्या. पट्टी काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा भावाकडे बघितलं आणि म्हणाल्या, अरे, तू एवढा म्हातारा कधी झालास? मला कुणी सांगितलं नाही. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, तुझ्या स्वयंपाकघराचा कोपरा पूस. एप्रिलमध्ये शून्याचं तिकीट काढून भाऊ भेटायला गेला, तर म्हणाल्या, फुकट आलायस ना, मग भाड्याचे पैसे वाचले ते मला दे. त्या पैशांच्या त्यांनी कैऱ्या आणल्या. लोणचं घातलं आणि मोठी बरणी आमच्याकडे पाठवली, धाकटीची म्हणून. ती महिना न लोटता उघडायची नाही असं बजावलं. वन्संना जूनमध्ये जायचं होतं, त्यांनी बरणी उघडायची वाट बघितली नाही. बरणी आम्ही ऑगस्टात उघडली. मीठ बरोबर आहे. वन्सं, तुमचं नाव आत्तापर्यंत चार वेळा आलं, मजकूर अजून संपलेला नाही.’

हे वाचून आमचे हे म्हणाले, पाचव्यांदा पुराच्या होडीत घे, नाहीतर ताई ऐकायची नाही. ते आता लिहायला बसते. बरणीतलं थोडं लोणचं डिसेंबरात म्युनिकला जाणाऱ्या कुणाबरोबर देता येईल का, तेवढं कुणी इथे सांगितलं तर बरं होईल. तेल गळू नये म्हणून कसं बांधायचं तेही सांगा.